परमिटकाका आणि मासळीचा ग्रुप

फोनमधलं एखादं ॲप का चालतं आणि एखादं का बसतं, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. मी त्यातलं काही शिकलेली नाही, पण भोगलंय. एक ॲप माझ्याच घरात जन्मलं, माझ्याच डायनिंग टेबलावर वाढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत गेलं. जाताना ते मलाही घेऊन चाललं होतं, थेट सातारा जिल्ह्यात.

सुरुवात झाली सोसायटीच्या गेटवर. आमचे हे तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं होते, सेफ्टी खात्यात. पाळ्यांची नोकरी. कामोठ्याच्या या बिल्डिंगमध्ये आम्हाला बावीस वर्षं झाली, पण ह्यांचं कसं, कंपनीच्या बसमध्ये बसून जायचं आणि घरी येऊन झोपायचं. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी दहा वाजता कोथिंबीर आणायला बाहेर पडले. परत आले तर गेटवरच्या वॉचमनने अडवलं. "किसके यहाँ जाना है?" म्हणाला आणि पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं.

आता दुसरा कुणी असता तर त्याने वॉचमनचे सात पिढ्यांचे पूर्वज काढले असते. ह्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि सगळे रकाने भरले. 'कोणाकडे जायचे आहे' इथे लिहिलं, 'स्वतःकडे'. 'कामाचे स्वरूप' इथे लिहिलं, 'कोथिंबीर'. ते वाचून वॉचमनला जास्तच संशय आला. तेवढ्यात बिल्डिंगमधले तिघं जण बाहेर निघाले होते, त्यांना त्याने विचारलं, "इनको पहचानते हो?" तिघांनीही माना हलवल्या, नाही म्हणून. त्यातला एक तर आमच्याच मजल्यावरचा. शेवटी मला फोन आला, मी खाली जाऊन स्वतःच्या नवऱ्याला सोडवून आणलं.

मी हसले. आता हसू आलं म्हणून हसले, त्यात काय एवढं? लिफ्टमध्ये हसले, घरात हसले, कोथिंबीर निवडताना परत आठवलं म्हणून परत हसले. जेवण झाल्यावर हे हात धुऊन आले आणि म्हणाले, "आपण गावाला जाऊ राहायला."

"सुट्टीला?"

"कायमचं. इथे मला कुत्रं ओळखत नाही. गावाला एसटीतून उतरलो की दहा जण विचारतात, कधी आलास म्हणून."

माझ्या हातातला डाव खाली पडला. मला कामोठं सोडायचं नव्हतं, स्पष्टच सांगते. माझं सगळं इथे होतं. बाजार, बायका, बाकावरच्या गप्पा, समोरच्या बिल्डिंगमधली भांडणं. गावाला मला काय आहे? भावकी आहे. मी रडले, रुसले, एक दिवस जेवले नाही (दुपारी थोडा उपमा खाल्ला, पण तो मोजायचा नाही). तेव्हा कुठे हे जरा नरमले. म्हणाले, "ठीक आहे. गणपतीपर्यंत बघतो. तोवर या बिल्डिंगमधल्या पन्नास माणसांनी मला ओळख दिली तर राहू. नाहीतर गणपती विसर्जन केला की सामान बांधायचं."

"पन्नास जणांशी ओळख करणार कशी तुम्ही?"

"त्याची मी व्यवस्था करतोय," म्हणाले, आणि लॅपटॉप उघडला.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, ते खोटं नाही. इंटरनेटवर फुकटात ॲप बनवून द्यायची कसली तरी सोय असते, तिथे बसून ह्यांनी दीड महिन्यात बिल्डिंगसाठी ॲप बनवलं. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. त्याचं नाव मी इथे सांगत नाही, कारण त्या नावावरून आमच्यात तीन दिवस अबोला होता. कागद चिकटवला लिफ्टमध्ये. पहिल्याच आठवड्यात तीसेक माणसं आली. मला वाटलं, सुटले बाई.

पण तीस वर्षं केमिकल कंपनीत काढलेल्या माणसाने ॲप बनवलं की काय होतं, ते सांगते. त्या कंपन्यांमध्ये साधा पाइप खोलायचा तरी परमिट लागतं. काय काम, कुठे, किती वेळ, धोका काय, खबरदारी काय, सगळं भरायचं आणि खाली सेफ्टीवाल्याची सही. सहीशिवाय स्क्रू फिरत नाही. ह्यांच्या पाळीत तीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ते या परमिटमुळेच, हे मी मानते. पण ह्यांनी ॲपमध्येही तेच घातलं. काहीही लिहायचं झालं तर आधी अर्ज. अर्ज ह्यांच्याकडे यायचा, हे तपासायचे, मग मंजूर.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने बिचारीने लिहिलं, 'नारळ खवायची विळी कुणाकडे आहे का?' ह्यांचं उत्तर: 'आपला अर्ज अपूर्ण आहे. कालावधी नमूद नाही. धोका या रकान्यात "नाही" असे लिहिले आहे, परंतु विळीस धार असते. दुरुस्त करून पुन्हा पाठवावा.' तिने दुरुस्त केलं. 'खबरदारी' राहिली म्हणून परत आलं. तिसऱ्यांदा पाठवलं तोवर तिच्या घरचा नैवेद्य बिनखोबऱ्याचा होऊन गेला होता. चौथ्यांदा तिने 'धोका' या रकान्यात लिहिलं, 'तुम्ही'.

कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवली. नामंजूर. कारण: 'मजकुरात माहिती आढळली नाही.' कुणी लिहिलं, पाचव्या मजल्यावरून पाणी टपकतंय, बघा जरा. ह्यांनी विचारलं, 'पाण्याचे तापमान?'

"अहो, लोकांना बोलू द्या ना," मी म्हणायचे.

"बोलू देतोय की. फक्त नीट बोलावं." म्हणजे झालंच.

आता दुसरीकडचं सांगते. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एक कोळीण बसते. उलव्याच्या बाजूच्या गावातून टेम्पोने येते. आम्ही तिला मावशी म्हणतो, आणि ती आम्हाला काय वाटेल ते म्हणते. मी साताऱ्याकडची, लग्नाआधी मासा फक्त चित्रात पाहिलेला. हिनेच मला खाडीचा जिताडा खायला शिकवला, काटे कसे काढायचे ते शिकवलं, कालवण बिघडलं की शिव्याही दिल्या. आमचे हे मटण म्हटलं की ताट चाटून पुसून ठेवतील, पण मासे शिजले की गॅलरीत खुर्ची टाकून बसतात.

तर या मावशीचा फोनवर एक ग्रुप होता. साधा, सगळ्यांच्या फोनात असतो तसला. कशासाठी? तर आज टोपलीत काय आहे ते कळावं म्हणून. मावशीला लिहिता येत नाही, म्हणून ती टेम्पोतूनच बोलून पाठवायची. मागे हॉर्न, इंजिनाची घरघर, आणि मध्येच ड्रायव्हरला दिलेल्या सूचना. "ए बायांनो, आज कोलबी हाय, जिताडा हाय, बोंबील ताजं हायेत. घेनारीनं आताच बोला, मंग माझ्या नावानं बोंबलू नका. आनि ती तिसऱ्या माल्यावरची, तू काल पापलेट सांगितलंस न आली नाय, मी कोनाला घालू ते, माझ्या दादल्याला?"

बस. तिसऱ्या माळ्यावरची लगेच उत्तर देणार, मावशी, सासू आली होती अचानक. मग सगळ्या विचारणार, किती दिवस आहे सासू? मग एक तिच्या सासूचं सांगणार. दुसरी म्हणणार, कोलंबीत कोकम घालायचं की चिंच? त्यावरून रत्नागिरी एका बाजूला, मालवण दुसऱ्या बाजूला, आणि आमच्यासारखी घाटावरची मंडळी मध्ये लसूण घेऊन उभी. भांडणं व्हायची, दोन जणी ग्रुप सोडून जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या, कारण उद्या काय आलंय ते कळणार कसं? बायका तर बायका, पुरुषसुद्धा होते. आमच्या आणि बाजूच्या मिळून तीन बिल्डिंगा त्या ग्रुपवर होत्या, आणि त्यातल्या कुणालाही तिथे बोलायला म्हणून बोलावलेलं नव्हतं.

ह्यांचं सगळं तिथेच चुकलं, असं माझं मत आहे. माणसाला सांगा, ये, आपण बोलू. तो म्हणेल, वेळ नाही. त्यालाच सांगा, बोंबील घ्यायला ये. तो तासभर बोलत उभा राहील.

आणि आता माझं पाप सांगते. ह्यांच्या लॅपटॉपवर नारळाच्या विळीचं उत्तर वाचून मला इतकं हसू आलं, की मी त्याचा फोटो काढून मासळीच्या ग्रुपवर टाकला. बाई गं! काय हसली माणसं! कुणी म्हणे, परत टाका. दुसऱ्या दिवशी 'पाण्याचे तापमान?' टाकलं. तिसऱ्या दिवशी लोक स्वतःहून मागायला लागले, आज परमिटकाकांचं काय? ते नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण चिकटलं. मावशी तर मासे विकतानासुद्धा विचारायला लागली, "काय गो, धोका काय हाय या बांगड्यात?" आणि हे त्या ग्रुपवर नव्हते, त्यामुळे मला कसलीच भीती नव्हती.

पण झालं काय, लोक हसले आणि ॲप सोडून गेले. तिसाचे वीस झाले, विसाचे अकरा. त्या अकरात एक मी. हे रोज सकाळी आकडा बघायचे आणि चहा तसाच ठेवून उठायचे. एक दिवस मी बघितलं, तर माळ्यावरच्या ट्रंका खाली काढून ठेवल्या होत्या. पुसून. मी स्वतःच्याच हाताने साताऱ्याचं तिकीट काढत होते की!

मग मी जे केलं ते घाबरून केलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जुना फोन आणि जुनं सिमकार्ड घरात पडलं होतं. त्यावरून मी ह्यांच्या ॲपमध्ये नवीन माणूस म्हणून गेले. फ्लॅट लिहिला सातशे तीन, बी विंग. तो कायम बंद असतो, मालक आखातात. वय साठ. निवृत्त, पाटबंधारे खातं. फोटो म्हणून जास्वंदीचं फूल लावलं. अर्जात सगळे रकाने भरले, खबरदारीसकट. पाच मिनिटांत मंजूर! वर निरोप: 'इतका परिपूर्ण अर्ज प्रथमच आला. स्वागत.'

हे रोज ॲपवर सुरक्षेचा एक विचार टाकायचे. 'ओल्या पायांनी जिना उतरू नये.' त्याखाली कुणी काही लिहीत नसे. सातशेतीनने लिहिलं, 'फार उपयुक्त. आजच पाय पुसले.' त्या दिवशी ह्यांनी चहा पूर्ण प्यायला.

रात्री जेवताना म्हणाले, "सातशेतीनला पटलं."

"कोण सातशेतीन?"

"तू नाही ओळखत. अभ्यासू गृहस्थ आहेत."

हळूहळू खासगीत निरोप सुरू झाले. तिथे अर्ज नव्हता, नशीब माझं. ह्यांनी विचारलं, कोणत्या धरणावर होता? मला कुठलं येतंय धरण! मी लिहिलं, 'लहान होतं. भरायचं नाही.' एकदा सहज लिहून गेले, की आमच्याकडे संध्याकाळी ज्वारीची भाकरीच असते, पोळी मला पचत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "आपणही भाकरीच करत जाऊ. सातशेतीनची तब्येत बघ." म्हणजे तो जुना फोन तूरडाळीच्या डब्यामागे लपवून मी रोज भाकऱ्या थापायला लागले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? भेटायला येतो म्हणाले तेव्हा मी सातशेतीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाकलं. डॉक्टरांनी महिनाभर माणसांना भेटायला मनाई केली आहे, असं लिहिलं. ह्यांनी गुडघ्याची खबरदारी नऊ मुद्द्यांत पाठवली.

मग श्रावण लागला. मासे बंद. हे खूश झाले. "आता तो तुझा ग्रुप थंड पडणार," म्हणाले, "आता माणसं इकडे येतील." मलाही वाटलं, खरंच येतील का? पण पहिल्याच सोमवारी मावशीचा आवाज आला, "श्रावन लागला. आता महिनाभर माझा तोंड कोन बघनार? काय भाजी केलीव ती तरी सांगा मना." आणि संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपवर अळूच्या फदफद्यावरून युद्ध पेटलं होतं.

हे माझ्या फोनची टिंग टिंग ऐकत बसले होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मासे नाहीत ना?"

"नाहीत."

"मग काय बोलताय?"

"काही नाही."

"काही नाही यावर एवढं?" म्हणाले, आणि खरंच त्यांना कळत नव्हतं. ह्यांचं तोंड बघून पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी मी आमटीला फोडणी देत होते आणि डब्यामागचा फोन थरथरला. ह्यांचा निरोप, बाहेरच्या खोलीतून. चांगला लांबलचक होता. 'साहेब, एक सांगायचे होते. गावाला जायचे मी रागात बोलून बसलो. गावात माझ्या वर्गातले चार मित्र होते. दोघे गेले. एक पुण्याला मुलाकडे असतो. एकाशी बांधावरून बोलणे बंद आहे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा एसटीतून उतरून घरापर्यंत चालत गेलो. कोणी विचारले नाही. इथे निदान वॉचमन तरी नाव विचारतो, तिथे तेही नाही. जायची भीती वाटते. पण शब्द देऊन बसलोय.'

आमटी उतू गेली. मी तशीच उभी. म्हणजे मला जायचं नाही, ह्यांनाही जायचं नाही, आणि आम्ही दोघं ट्रंका पुसतोय! मी कसंबसं टाइप केलं, 'वहिनींना सांगा की. त्यांनाही जायचं नसेल कदाचित.'

बाहेर खुर्ची करकरली. मग उत्तर आलं. 'तिला सांगता येत नाही. मनाने चांगली आहे. पण ती हसते. ती हसली की पुढचे सांगायचे राहून जाते.'

मला कुणी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. मी तो फोन डाळीच्या डब्यात टाकला, डब्यामागे नाही, डब्यात. बाहेर गेले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "अहो, राहू या का इथेच?" तर हे म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. गणपतीपर्यंत बघू." मला हे माहीत आहे असं म्हटलं तर विचारतील, कसं माहीत. आणि मग सातशेतीन मरतो. ह्यांना बिल्डिंगमध्ये तेवढा एकच माणूस होता.

आमचा गणपती दीड दिवसाचा. ह्यांनी सातशेतीनला आठ दिवस आधी निमंत्रण पाठवलं. 'आता गुडघा बरा झाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीला यावे. मोदक ठेवतो.' मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, 'प्रयत्न करतो.' खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो मला समोरून येताना दिसत होता, पण धीर होईना.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बसले. एका ताटलीत पाच मोदक, वर जाळीचं झाकण. दहा वाजले, कुणी नाही. मी आत स्वयंपाकघरात देवाला म्हणत होते, बाबा रे, माझं तोंड उघड नाहीतर जमीन उघड.

सव्वादहाला लिफ्टमधून मावशी आली. मोठं कुंकू, हिरवं लुगडं, हातात नारळ. आणि तिच्यामागे माणसं. इतकी की लिफ्ट चार वेळा वर-खाली झाली. मावशीने पहाटे ग्रुपवर सांगितलं होतं, "परमिटवाल्याच्या घरी गनपती हाय, आज जातो. जे येनार नाय त्याला गौरी झाल्यावर मासली मिलनार नाय." आता या धमकीपुढे कोण घरी बसेल? घर भरलं, जिना भरला, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला. जो तो आत आला की आधी बाप्पाला हात जोडायचा आणि मग ह्यांच्याकडे वळायचा. "तुम्हीच का परमिटकाका?" "काका, हात मिळवा!" "काका, तुमच्या घरात चप्पल काढताना धोका काय भरायचा?" विळीवाली बाई तर नारळ घेऊन आली होती, खवलेला.

हे आधी बावरले. मग हळूहळू चेहरा उजळला. मग चक्क हसायला लागले. एका पोराला आरतीच्या तबकाजवळ उभं राहायची खबरदारी सांगितली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारामागून मोजत होते. पन्नास कधीच होऊन गेले होते.

आणि मग विळीवाली भाबडेपणाने म्हणाली, "काकू रोज तुमचं काही ना काही टाकायच्या ना ग्रुपवर, आमचा दिवसच सुरू व्हायचा नाही त्याशिवाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बरं. सातशेतीन कुठे दिसले का तुम्हाला? बी विंगचे. पाटबंधारेवाले."

"सातशेतीन?" ती म्हणाली. "तो बंद असतो काका. मालक आखातात आहेत. कित्येक वर्षं तिथे कुणीच नाही राहत."

हे 'हो का' म्हणाले. मग सगळ्यांना प्रसाद वाटला, नाव विचारून, फ्लॅट नंबर विचारून. मोदकांच्या त्या ताटलीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

विसर्जन करून आलो तेव्हा तीन वाजले होते. रिकाम्या पाटासमोर आम्ही दोघंच बसलो. मी उठले, डाळीच्या डब्यातून फोन काढला आणि ह्यांच्यासमोर ठेवला. त्याच्यावर तूरडाळ चिकटलेली होती. मला वाटलं होतं, काहीतरी सांगेन, समजावीन, पण नुसतं एवढंच बोलता आलं, "माफ करा. ग्रुपवर तुम्हाला हसले ती मी. आणि सातशेतीन, तोही मीच."

ह्यांनी फोन उचलला, डाळ पुसली, जास्वंदीचं फूल बघितलं. मग म्हणाले, "लोक हसतात त्याचं काही नाही गं. आज मजा आली मला. पण तो हसत नव्हता."

"मीही हसत नव्हते तेव्हा," मी म्हटलं. "त्या फोनवर एकदाही हसले नाही. देवाशपथ."

"मग तुला सगळं माहीत आहे. गावाचं."

"नाही," मी म्हटलं. "ते त्याला माहीत आहे. मला तुम्ही कुठे सांगितलंत?"

हे मान वर न करता म्हणाले, "हसणार नाहीस?"

मी मान हलवली. आणि मग ह्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौघं मित्र, दोघं गेलेले, एक पुण्याला, एक बांधावरून अबोल्यातला. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत गेले तेही. एकेक वाक्य मला पाठ होतं, पण मी मध्ये एक शब्द बोलले नाही. फोनवर ते सगळं वाचून झालं होतं माझं. एक मात्र त्यात आलं नव्हतं. सांगताना ह्यांचा आवाज कापत होता.